रक्त वाढवणाऱ्या संप्रेरकाचा निरोप: एरिथ्रोपोएटिन समजून घेताना या चुका टाळा

मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या घरी ज्याला 'रक्त वाढवायचं इंजेक्शन' म्हणतात, त्यात बहुतेक वेळा एरिथ्रोपोएटिन असतं. दवाखान्यात त्याला नुसतं 'ईपीओ' म्हणतात. १६५ अमिनो आम्लांचं हे प्रथिन, वर साखरेच्या साखळ्यांचा भरपूर साज. मोठ्या माणसात ते मुख्यतः मूत्रपिंडात बनतं, गर्भात यकृतात. प्राणवायू कमी पडू लागला की त्याचं प्रमाण वाढतं आणि अस्थिमज्जेला कळतं की तांबड्या पेशी जास्त लागणार आहेत. निरोगी प्रौढाच्या मज्जेतून दर सेकंदाला साधारण २० लाख तांबड्या पेशी बाहेर पडतात. त्या कारभाराची सूत्रं या एका निरोपाच्या हातात आहेत.

हे प्रथिन शुद्ध स्वरूपात पहिल्यांदा हाती आलं ते १९७७ साली, शिकागोत, युजीन गोल्डवॉसर यांच्या प्रयोगशाळेत. त्यासाठी लागली २,५५० लिटर मानवी लघवी. जपानमधले ताकाजी मियाके यांनी ती ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांकडून जमवली, आटवली आणि शिकागोला नेली. याच रुग्णांची का? कारण त्यांच्या अंगात ईपीओ उतू जात असतं. रक्त कमी म्हणून मूत्रपिंड निरोपावर निरोप धाडतं, पण मज्जेत तो ऐकायला पुरेशा पेशीच उरलेल्या नसतात. संप्रेरक भरपूर, रक्त नाही. विद्यार्थी असो, रुग्णाचे नातेवाईक असोत की प्रयोगशाळेतला संशोधक, ईपीओच्या बाबतीत चूक होते ती इथेच. आपण 'किती आहे' एवढंच विचारतो. निरोप कुठे अडला, किंवा कुठे थांबायचाच राहिला, हे विचारत नाही.

'ईपीओ तांबड्या पेशी तयार करतं' असं धरून चालणं

१९९५ साली ईपीओचं किंवा त्याच्या रिसेप्टरचं, म्हणजे पेशीवर ईपीओ जिथे येऊन बसतं त्या प्रथिनाचं, जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. पिल्लं गर्भातच, साधारण तेराव्या दिवशी, रक्तक्षयाने मेली. पण त्यांच्या यकृतात तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशी, प्रयोगशाळेच्या भाषेत बीएफयू-ई आणि सीएफयू-ई, व्यवस्थित सापडल्या. म्हणजे मूळ पेशीने तांबड्या पेशीची वाट धरायला ईपीओ लागत नाही. ते लागतं पुढे, सीएफयू-ई टप्प्याच्या आसपास, जगून राहायला. ईपीओ मिळालं नाही तर या पेशींचा डीएनए तुटू लागतो आणि त्या आपणहून मरतात, हे कौरी आणि बॉन्ड्युरंट यांनी १९९० मध्येच दाखवलं होतं. पाटाचं पाणी बी घडवत नाही, उगवलेली रोपं जगवतं. पाणी पोचलं तिथली तगतात, बाकीची सुकतात. ईपीओचं काम तसंच आहे. एरवीही मज्जेत यातल्या बऱ्याच पेशी मरत असतात. रक्तस्राव झाला किंवा माणूस उंच डोंगरावर राहायला गेला की ईपीओ वाढतं आणि त्या मरणाऱ्यांतल्या जास्त पेशी वाचतात.

याचा व्यवहारात अर्थ असा की इंजेक्शन दिल्यावर 'रक्त' लगेच दिसणार नाही. वाचलेल्या पेशींना वाढायला, हिमोग्लोबिन भरायला, केंद्रक टाकून बाहेर यायला दिवस लागतात. आधी तीन-चार दिवसांत रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी, वाढू लागतात. हिमोग्लोबिनचा आकडा हलायला दोन ते सहा आठवडे जातात. 'एक आठवडा झाला, काहीच फरक नाही, डोस वाढवा' हा आग्रह म्हणूनच घातक आहे. साधारण चार आठवडे होण्याआधी डोस वाढवू नये असं सांगतात, ते पेशींचं हे वेळापत्रक ओळखून.

रिसेप्टरला नुसतं कुलूप समजणं

परीक्षेच्या वहीत चित्र असतं: ईपीओ ही किल्ली, रिसेप्टर हे कुलूप, बसली की झालं. या चित्राने एकच प्रश्न उरतो, बसली की नाही. आणि पेशीला खरं महत्त्व आहे ते कशी बसली आणि किती वेळ बसली याला.

ईपीओच्या रिसेप्टरला स्वतःची रासायनिक धार नाही. तो कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं विकर, नाही. विद्यार्थी इन्सुलिनचा रिसेप्टर नुकताच शिकून आलेले असतात म्हणून इथे हमखास घसरतात. पेशीच्या आत, रिसेप्टरच्या शेपटीला जॅक-२ नावाचं कायनेज चिकटून असतं. ईपीओच्या रेणूला दोन बाजू आहेत, एक घट्ट धरणारी, दुसरी सैल. दोन्ही बाजूंनी दोन रिसेप्टर धरले गेले की ते ठरावीक अंतरावर, ठरावीक कोनात येतात. मग आतले दोन जॅक-२ समोरासमोर येऊन एकमेकांवर फॉस्फेट चढवतात, जागे होतात आणि रिसेप्टरच्या शेपटीतल्या टायरोसिनांवरही फॉस्फेट लावतात. शेपटीत अशा आठ जागा आहेत. त्यांच्यावर स्टॅट-५ नावाचं प्रथिन येऊन बसतं, त्यालाही फॉस्फेट लागतो, त्याच्या जोड्या जमतात आणि त्या केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात. त्यातलं एक बीसीएल-एक्सएल, जे पेशीला मरणापासून अडवतं. सोबत पीआय-३ कायनेज आणि रासचे मार्गही चालू होतात. पण मुख्य रस्ता हाच, जॅक-२ ते स्टॅट-५. जॅक-२ काढून टाकलेले उंदीरही गर्भात तसेच रक्तक्षयाने मरतात.

आता २०१७ साली प्रसिद्ध झालेली एक गोष्ट पाहा, कारण तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. एका कुटुंबातल्या बाळाला जन्मापासून तीव्र रक्तक्षय होता. मज्जेत तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशी जवळजवळ नव्हत्या. ईपीओची पातळी मात्र भरपूर. निदान झालं डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमियासारख्या मज्जेच्या आजाराचं, आणि मज्जा प्रत्यारोपण करूनही उपयोग झाला नाही. पुढे जनुक तपासल्यावर दोष सापडला तो ईपीओमध्येच: १५० व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन. हे बदललेलं ईपीओ रिसेप्टरला चिकटत होतं, पण फार लवकर सुटत होतं. तेवढ्या वेळात जॅक-२ नीट जागं होत नव्हतं. मज्जा निर्दोष होती, म्हणूनच ती बदलून काही साधलं नाही. त्याच घरातल्या दुसऱ्या बाळाला बाहेरून नेहमीचं ईपीओ दिलं, तेव्हा रक्त वाढू लागलं.

रक्ततपासणीत 'ईपीओ भरपूर' असा अहवाल आला की तो निरोप पोचल्याचा पुरावा नसतो. पातळी मोजणारी चाचणी रेणू मोजते. तो रेणू रिसेप्टरवर किती क्षण टिकला, हे तिला कळत नाही.

निरोप थांबवणारी यंत्रणा विसरणं

मार्ग शिकवताना आपण नेहमी 'चालू' होण्याच्या पायऱ्या मोजतो. बंद होण्याच्या पायऱ्या शेवटच्या ओळीत उरकतो. निरोगी पेशीत ईपीओ मिळाल्यावर स्टॅट-५ वर फॉस्फेट काही मिनिटांत चढतो आणि तासाभरात बराचसा उतरतो. हे उतरवणं तितकंच नेमकं असतं. एसएचपी-१ नावाचं फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट उतरवणारं विकर, रिसेप्टरच्या शेपटीच्या टोकाकडे येऊन बसतं आणि जॅक-२ ला शांत करतं. सीआयएस आणि सॉक्स-३ ही प्रथिनं तर स्टॅट-५ नेच चालू केलेली असतात. निरोप आपलीच मर्यादा सोबत घेऊन येतो. शिवाय रिसेप्टर आत ओढून मोडीत काढला जातो.

शेपटीचं हे टोक नसेल तर काय होतं, हे फिनलंडच्या एरो मँटुरांटा यांच्या कुटुंबाने जगाला दाखवलं. १९६० च्या दशकातले ते क्रॉस-कंट्री स्कीइंगचे मोठे खेळाडू. इन्सब्रुकच्या १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. त्यांचं हिमोग्लोबिन २० च्या वर असायचं आणि त्यांनी बाहेरून रक्त घेतलं असावं असा संशय घेतला गेला. १९९३ साली आल्बर्ट दे ला शापेल यांच्या गटाने त्यांच्या मोठ्या कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ईपीओ रिसेप्टरच्या एका प्रतीत मध्येच 'थांबा' असा संकेत आला होता आणि शेपटीची शेवटची ७० अमिनो आम्लं तयारच होत नव्हती. ब्रेकची जागा गेली, निरोप लांबला, थोडं ईपीओसुद्धा पुरेसं ठरू लागलं. एका माणसाच्या कष्टांवरचा डाग जनुकाच्या अभ्यासाने पुसला गेला, आणि तोही तीस वर्षांनी. मला ही गोष्ट वर्गात सांगताना नेहमी वाटतं की संशयाआधी तपास व्हायला हवा होता.

हिमोग्लोबिन जास्त म्हणजे 'रक्त चांगलं' असं समजणं

आपल्याकडे कमी हिमोग्लोबिनची इतकी सवय झाली आहे की १८ चा आकडा दिसला की घरात आनंद होतो. पुरुषात १६.५ च्या वर, स्त्रीत १६ च्या वर हिमोग्लोबिन टिकून असेल तर त्याचं कारण शोधायला हवं. इथे ईपीओची पातळी मात्र खरोखर कामाची ठरते, कारण ती निरोपाचा दोष कुठे आहे याची दिशा सांगते.

पातळी कमी आणि पेशी जास्त, तर मज्जा निरोपाशिवायच काम करते आहे. याचं सर्वांत नेहमीचं कारण पॉलिसायथेमिया व्हेरा. २००५ साली चार वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं की या आजाराच्या बहुतेक रुग्णांत जॅक-२ मध्ये ६१७ व्या जागी व्हॅलिनऐवजी फिनाइलअलॅनिन आलेलं असतं. जॅक-२ मध्ये स्वतःला आवरून धरणारा एक भाग असतो. हा बदल नेमका तिथेच होतो आणि आवर सुटतो. सुमारे ९५ टक्के रुग्णांत हा बदल सापडतो. उरलेल्यांत बहुधा त्याच जनुकाच्या दुसऱ्या एका भागात, एक्झॉन १२ मध्ये, दोष असतो. म्हणून पहिली चाचणी निगेटिव्ह आली, ईपीओ कमी आहे, तरी 'आजार नाही' असं लिहून फाइल बंद करणं ही चूक आहे.

पातळी जास्त किंवा न शोभेल इतकी नॉर्मल असेल तर शोध दुसरीकडे न्यायचा: धूम्रपान, फुप्फुसाचे आजार, झोपेत श्वास अडणं, मूत्रपिंडाची गाठ. रशियातल्या चुवाशिया भागात पिढ्यान् पिढ्या दिसणारा एक आनुवंशिक प्रकार आहे, ज्यात प्राणवायू ओळखणाऱ्या यंत्रणेतलं व्हीएचएल जनुक बदललेलं असतं. एरवी व्हीएचएल हे एचआयएफ नावाच्या प्रथिनाला मोडीत काढायला पाठवतं, आणि एचआयएफच ईपीओचं जनुक चालू करतं. तिथे शरीराला प्राणवायू पुरेसा असूनही कमी असल्याचा भास होत राहतो. ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

घरच्यांचा एक प्रश्न इथे हमखास येतो: 'जनुकात दोष म्हणजे मुलांनाही होणार का?' जॅक-२ मधला हा बदल बहुतेक वेळा जन्मानंतर, मज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीत घडलेला असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जात नाही. हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं. कित्येक घरांत या एका वाक्याअभावी लग्नं अडतात.

रक्सोलिटिनिबसारख्या जॅक रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हिमोग्लोबिन उतरतं तेव्हा 'औषध बाधलं' म्हणून कोणी ती अचानक सोडून देतं. ही गोळी बिघडलेलं जॅक-२ आणि चांगलं जॅक-२ यांत फरक करत नाही. ईपीओचा नेहमीचा निरोपही ती थोडा दाबते. रक्त उतरणं अपेक्षित असतं आणि डोस डॉक्टरांनीच बदलायचा असतो. अचानक सोडल्यास त्रास उसळून येऊ शकतो.

इंजेक्शन लागू पडत नाही म्हणून डोस वाढवत नेणं

डायलिसिसच्या रुग्णांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. डोस वाढवण्याआधी निरोप कुठे अडतो आहे ते पाहा.

पहिली शंका लोहावर. ईपीओ पेशी जगवेल, पण हिमोग्लोबिन भरायला लोह लागतं. शरीरात यासाठी एक सुंदर सोय आहे. ईपीओ मिळालेल्या कोवळ्या पेशी स्टॅट-५ च्या मार्गाने एरिथ्रोफेरॉन नावाचं संप्रेरक सोडतात, ते यकृतातलं हेप्सिडिन कमी करतं, आणि हेप्सिडिन उतरलं की साठ्यातलं लोह मोकळं होतं. २०१४ साली हे कळलं. पण अंगात कुठे जंतुसंसर्ग, डायलिसिसच्या कॅथेटरची सूज, न भरलेली जखम असेल तर हेप्सिडिन चढतं आणि लोह साठ्यातच कोंडून राहतं. साठ्यातल्या लोहाचा अंदाज देणारं फेरिटिन मग चांगलं दिसतं आणि पेशी उपाशी. म्हणून फेरिटिन एकटं पाहू नका, सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे, ते पाहा. केडिगो या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेने सॅच्युरेशन ३० टक्के किंवा कमी आणि फेरिटिन ५०० किंवा कमी असेल तर शिरेतून लोह देऊन पाहण्याचा विचार सुचवला होता. संसर्ग अंगात असताना शिरेतून लोह देणं मात्र टाळतात.

लोह ठीक असेल तर बी-१२, फॉलिक आम्ल, कुठून रक्त जातंय का, पॅराथायरॉइड वाढलंय का, डायलिसिस पुरेसं होतंय का. आणि अगदी साधी गोष्ट, इंजेक्शन ठेवलं कसं होतं. ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. फ्रीझरमध्ये किंवा बर्फाला थेट टेकून गोठलं की प्रथिन बिघडतं. ते पुन्हा वितळवून वापरू नये. जोरात हलवूही नये. मे महिन्यात गावाहून शहरात डायलिसिसला येताना पिशवीत बर्फाच्या खड्यांवर कुपी टाकून आणणं, हे मी म्हणते त्यातलंच.

दुर्मीळ पण ओळखायलाच हवी अशी एक गोष्ट आहे: शरीर ईपीओविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतं. आधी चांगलं लागू पडलेलं इंजेक्शन एकाएकी निकामी होतं, हिमोग्लोबिन दर आठवड्याला अर्धा ते एक ग्रॅम घसरतं, रेटिक्युलोसाइट जवळजवळ नाहीसे होतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मात्र ठीक असतात. युरोपात २००० च्या आसपास अशा रुग्णांची लाट आली होती. ही प्रतिपिंडं माणसाचं स्वतःचं ईपीओही निकामी करतात. अशा वेळी कंपनी बदलून पाहणं ही मोठी चूक, कारण ती सगळ्याच ईपीओंना धरतात. इंजेक्शन थांबवून रक्तविकारतज्ज्ञाकडे जायचं.

आणि लागू पडत असतानाही 'अजून थोडं' नको. २००९ च्या 'ट्रीट' चाचणीत मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले, डायलिसिसवर नसलेले ४,०३८ रुग्ण होते. हिमोग्लोबिन १३ वर नेऊ पाहणाऱ्या गटात १०१ जणांना पक्षाघात झाला, दुसऱ्या गटात ५३ जणांना. त्याआधी २००६ च्या 'कॉयर' चाचणीतही १३.५ चं लक्ष्य ठेवलेल्यांचं ११.३ वाल्यांपेक्षा वाईट झालं होतं. त्यामुळे ईपीओ घेणाऱ्या प्रौढांत हिमोग्लोबिन सर्वसाधारणपणे ११.५ च्या वर राखू नये आणि मुद्दाम १३ च्या वर नेऊ नये असं ठरलं. रक्तदाब या इंजेक्शनाने वाढतो, म्हणून प्रत्येक वेळी तो आधी मोजायचा. शेजारच्या रुग्णाचा आकडा १३ आहे म्हणून डॉक्टरांकडे हट्ट धरणाऱ्यांना मी ट्रीटचे हे दोन आकडे सांगते.

प्रयोगशाळेत अँटिबॉडीवर डोळे मिटून विश्वास

हे संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. एकेकाळी मेंदू, हृदय, कर्करोगाच्या गाठी, जिकडे तिकडे ईपीओचा रिसेप्टर 'सापडत' होता. २००६ मध्ये उघड झालं की त्यासाठी वापरली जाणारी एक लोकप्रिय अँटिबॉडी प्रत्यक्षात उष्णतेच्या ताणात वाढणारं एचएसपी-७० नावाचं प्रथिन पकडत होती. पट्टी ६६ किलोडाल्टनला दिसायची, खरा रिसेप्टर सुमारे ५९ चा. रिसेप्टर नसलेल्या पेशींचा नमुना शेजारी न लावता कुठलंही वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिनाची पट्टी ओळखणारी चाचणी) छापायला पाठवू नका. आणि रिसेप्टर दिसला तरी तो काम करतो का हे पाहायला ईपीओ देऊन फॉस्फो-स्टॅट-५, म्हणजे फॉस्फेट चढलेलं स्टॅट-५, मोजा. ते मोजताना पेशी आधी काही तास सायटोकाइनशिवाय ठेवा, लायसिस बफरमध्ये फॉस्फेट उतरवणारी विकरं रोखणारं ऑर्थोव्हॅनाडेट घाला, आणि ०, ५, १५, ३०, ६० मिनिटांचे नमुने घ्या. एकट्या एका तासाच्या नमुन्यावरून 'सिग्नल नाही' म्हणणाऱ्याने निरोप येऊन गेल्यावर दार उघडलेलं असतं.

मेंदूसाठी, बाळासाठी, ताकदीसाठी ईपीओ

उंदरांत ईपीओने मेंदूच्या पेशी वाचवल्याचे प्रयोग आशा लावणारे होते. माणसांत ती आशा टिकली नाही. २००९ च्या जर्मन पक्षाघात चाचणीत ईपीओ घेतलेल्यांत मृत्यू जास्त झाले. अगदी लवकर जन्मलेल्या ९४१ बाळांवरच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही. जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळांवरच्या २०२२ च्या चाचणीतही नाही. कोणी या कारणांसाठी इंजेक्शन सुचवलं तर पुरावा मागा.

गोळी म्हणजे 'ईपीओची गोळी' नव्हे

भारतात मार्च २०२२ मध्ये डेसिडुस्टॅटला मान्यता मिळाल्यापासून मूत्रपिंडाच्या रुग्णांना इंजेक्शनऐवजी गोळीचा पर्याय आला. गावाकडच्या रुग्णाला शीतपेटीची कटकट नाही, ही मोठीच सोय. पण या गोळीत ईपीओ नसतं. ती एचआयएफवर 'मोडीत काढा' अशी खूण लावणारं विकर रोखते, मग शरीर स्वतःचं ईपीओ वाढवतं आणि लोहाचा कारभारही बदलतो. एचआयएफच्या हाताखाली इतरही अनेक जनुकं आहेत, त्यामुळे रक्तात गुठळी झाल्याचा किंवा कर्करोगाचा पूर्वेतिहास असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगा. इंजेक्शन आणि गोळी दोन्ही आपल्या मनाने एकत्र घेऊ नका. लोहाची तपासणी आणि हिमोग्लोबिनची वरची मर्यादा गोळीवरही तितकीच पाळायची.